विश्लेषण : कोबीवरच्या अळीला मातीतला शिकारी! ‘मित्र सूत्रकृमी’ खर्डीच्या शेतात किती कामाचे?

भातकापणी उरकली की शहापूर तालुक्यातील खर्डी परिसरात ज्यांच्या विहिरीला पाणी आहे असे शेतकरी भाजीपाल्याकडे वळतात. भेंडी, काकडी, वांगी, मिरची यांच्या जोडीला काही गुंठ्यांत कोबी, फ्लॉवर, मुळा, नवलकोलही लागतो. कसारा मार्गावरील लोकल आणि मुंबई-नाशिक महामार्ग यांमुळे कल्याण-ठाण्याची बाजारपेठ हाताशी आहे. पण कोबीवर अळी पडली की हिशोब बिघडतो. पानाला भोके पडलेला गड्डा व्यापारी बाजूला काढतो. मग आठवड्याला एक फवारणी, त्यानंतर दोन औषधे एकत्र, असा खर्च वाढत जातो आणि अळी मात्र जागची हलत नाही. अशा वेळी ‘मित्र सूत्रकृमी’ या जैविक उपायाचे नाव पुढे येते. हा उपाय खरा आहे, शास्त्रीय कसोट्यांवर तपासलेला आहे. मात्र तो प्रत्येक अळीवरचा रामबाण नाही. कोणत्या किडीवर तो चालतो, कोणत्या किडीवर पैसे वाया जातात आणि खर्डीसारख्या ठिकाणी तो कसा वापरावा, याविषयी…

सूत्रकृमी तर पिकाचा शत्रू. मग हे मित्र कोण?

भेंडी किंवा वांग्याचे झाड उपटल्यावर मुळांवर गाठी दिसतात, त्या सूत्रकृमीमुळे. त्यामुळे हा शब्द ऐकला की शेतकऱ्याच्या कपाळावर आठी येणे स्वाभाविक आहे. पण सूत्रकृमी हा एक प्राणी नसून दोऱ्यासारख्या बारीक कृमींचा प्रचंड मोठा गट आहे. त्यातील काही मुळांतून रस शोषतात, काही जिवाणू-बुरशीवर जगतात, तर काही फक्त कीटकांच्या शरीरात वाढतात. या शेवटच्या गटाला कीटकांना रोग घडवणारे सूत्रकृमी, म्हणजेच इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘ईपीएन’ म्हणतात. त्यातील दोन कुळे शेतीसाठी महत्त्वाची आहेत : ‘स्टायनरनेमा’ आणि ‘हेटरोरॅब्डायटिस’. मुळावर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीच्या तोंडात मुळात खुपसायची सुई असते. ईपीएनकडे ती नसते. त्यामुळे कोबीचे किंवा पुढच्या हंगामातील भेंडीचे मूळ त्यांना खाताच येत नाही.

एवढासा कृमी अळीला मारतो कसा?

खरे तर एकटा मारत नाही. त्याच्या पोटात एक भागीदार जिवाणू असतो. स्टायनरनेमात ‘झेनोरॅब्डस’, तर हेटरोरॅब्डायटिसमध्ये ‘फोटोरॅब्डस’. साधारण अर्धा ते एक मिलिमीटर लांबीचे हे कृमी बाल्यावस्थेत मातीत काहीही न खाता वाट पाहत राहतात. अळी जवळ आली की तोंड, गुदद्वार किंवा श्वसनछिद्रांवाटे ते आत शिरतात. हेटरोरॅब्डायटिस तर कातडीचा पातळ भाग फाडूनही आत जाऊ शकतो. आत गेल्यावर जिवाणू सोडला जातो आणि साधारण दोन दिवसांत अळी मरते. जिवाणू अळीचे शरीर आतून पचवतो, कृमी त्यावर वाढतात आणि एक-दोन आठवड्यांत मेलेल्या अळीतून हजारो नवे कृमी बाहेर पडतात. अळी मोठी असेल तर हा आकडा लाखावर जातो.

मेलेली अळी पाहून कोणाचे काम आहे तेही ओळखता येते. हेटरोरॅब्डायटिसने मारलेली अळी विटकरी-लाल होते, स्टायनरनेमाने मारलेली पिवळसर-तपकिरी. दोन्हींत सडका वास येत नाही. अळी काळी पडून घाण वास येत असेल तर ती दुसऱ्या कशाने तरी मेलेली असते.

ही कल्पना किती जुनी? भारताचा त्यात वाटा काय?

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात १९२९ मध्ये रुडॉल्फ ग्लेझर या शास्त्रज्ञाला जपानी भुंगेऱ्याच्या अळ्यांत हे सूत्रकृमी सापडले आणि १९३० च्या दशकात त्यांच्या शेतावरील चाचण्या झाल्या. त्यानंतर स्वस्त रासायनिक कीटकनाशके आली आणि हा विषय मागे पडला. कीटकनाशकांना किडी दाद देईनाशा झाल्या, तेव्हा तो पुन्हा वर आला.

भारताच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १९९२. कोइमतूर येथे आढळलेल्या सूत्रकृमीची ‘हेटरोरॅब्डायटिस इंडिका’ या नावाने नवी प्रजाती म्हणून नोंद झाली. थंड देशांतील प्रजातींपेक्षा ती उष्णता जास्त सोसते. बेंगळूरुच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने याच प्रजातीची पाण्यात मिसळणारी भुकटी विकसित केली आणि ते तंत्रज्ञान उत्पादकांना दिले. महाराष्ट्रात ऊसपट्ट्यातील शेतकऱ्यांना हे नाव ओळखीचे आहे, ते हुमणीमुळे. हुमणी मातीत राहून मुळे खाते. म्हणजे कृमी आणि कीड एकाच घरात. हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण कोबीतील यश-अपयश त्यावरच ठरते.

कोबीवर्गीय पिकांतील कोणत्या किडी यांच्या तावडीत सापडतात?

ज्या किडी आयुष्यातील काही काळ मातीत काढतात, त्या. पहिली म्हणजे रोपे कुरतडणारी अळी. लागवडीनंतरच्या आठवड्यात सकाळी शेतात गेल्यावर रोप जमिनीलगत कापून आडवे पडलेले दिसते. अळी मात्र कुठेच दिसत नाही. कापलेल्या रोपाजवळची माती बोटाने उकरली की मातकट रंगाची, वेटोळे घातलेली अळी हाती लागते. ती दिवसभर मातीत दडते आणि रात्री बाहेर येते. पानावर फवारलेले औषध तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही, पण ओल्या मातीतले सूत्रकृमी पोहोचतात. अशा अळीसाठी ‘स्टायनरनेमा कार्पोकॅप्सी’ ही प्रजाती जगभर वापरली जाते. ती मातीच्या वरच्या थरात शेपटीवर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या अळीवर झडप घालते. हेटरोरॅब्डायटिसचे कृमी त्याऐवजी मातीत हिंडून भक्ष्य शोधतात.

दुसरी स्पोडोप्टेरा, म्हणजे तंबाखूवरील पाने खाणारी अळी. तिची अंडी पुंजक्याने असतात आणि लहान अळ्या एकाच पानावर झुंडीने खातात. मोठी झाल्यावर ती दिवसा मातीत किंवा खालच्या पानांआड लपते आणि शेवटी मातीतच कोषात जाते. ही मातीतील अवस्था सूत्रकृमीच्या पल्ल्यात येते.

तिसरा उडद्या भुंगेरा. मुळा, मोहरी आणि कोबीच्या कोवळ्या पानांना तो चाळणीसारखी बारीक भोके पाडतो. त्याच्या अळ्या जमिनीत मुळांवर वाढतात. उडी मारून पळणाऱ्या भुंगेऱ्यापेक्षा या अळ्यांना गाठणे सोपे.

मावा मात्र या यादीत नाही. तो पान सोडून मातीत येत नाही, आकारानेही फार लहान असतो. माव्यासाठी सूत्रकृमी घेण्यात अर्थ नाही.

कोबीचा सर्वात मोठा शत्रू त्यांना सापडतो का?

इथेच गोम आहे. कोबी-फ्लॉवरची सर्वाधिक हानी करतो तो चौकोनी ठिपक्यांचा पतंग, अर्थात ‘डायमंडबॅक मॉथ’. पंख मिटून बसल्यावर याच्या पाठीवर शंकरपाळ्यासारखे फिकट ठिपके दिसतात. हिरवट, बारीक अळी पानाचा खालचा भाग खरवडते आणि वरचा पापुद्रा तसाच ठेवते, त्यामुळे पानावर काचेच्या खिडक्या बसवल्यासारखे दिसते. हात लावला की ती वळवळत मागे सरते आणि लाळेच्या धाग्याने खाली लोंबकळते. ती अंडे, अळी, कोष, पतंग हे सारे चक्र झाडावरच पूर्ण करते. मातीत उतरण्याची तिला गरजच पडत नाही.

कीटकनाशके पचवण्यात या किडीचा हात कोणी धरत नाही. भारतात तिची नोंद १९१४ पासून आहे. डीडीटीला न जुमानणारी पिकावरील पहिली कीड म्हणून तिची नोंद १९५३ मध्ये जावा बेटावर झाली. भारतात १९६८ मध्ये पंजाबात ती डीडीटी आणि पॅराथिऑनला दाद देत नसल्याचे आढळले. ‘बीटी’ या जैविक कीटकनाशकालाही शेतात प्रतिकार दाखवणारी पहिली कीड हीच, १९९० मध्ये हवाई बेटांवर. उष्ण हवामानात तिची पिढी दोन-तीन आठवड्यांत पूर्ण होते. त्यामुळे एकाच पिकावर अनेक पिढ्या होतात आणि औषधातून वाचलेल्या अळ्यांचीच प्रजा वाढत जाते. ‘मागच्या वर्षी चाललेले औषध यंदा का चालत नाही’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा याच हिशोबात असते.

मग सूत्रकृमी थेट पानावर फवारले तर?

प्रयोगशाळेतील बंद डबीत सूत्रकृमी या पतंगाच्या अळीला सहज मारतात. शेतातील पान म्हणजे बंद डबी नव्हे. सूत्रकृमीला हालचालीसाठी पाण्याचा पातळ थर लागतो आणि उन्हातील अतिनील किरण त्याला फार थोड्या वेळात मारतात. त्यात कोबीचे पान मेणचट. फवाऱ्याचे थेंब त्यावरून घरंगळतात आणि उरलेले लवकर सुकतात. अळी गाठण्याआधीच कृमी वाळून मरतो. हिवाळ्यात पडणारे दव थोडा वेळ मिळवून देते, तेही उन्हे वर येईपर्यंतच.

यावर जगात काम झाले आहे. जर्मनीतील संशोधकांनी फवाऱ्याच्या पाण्यात झँथन गम आणि पानावर पसरणारे द्रव्य मिसळून कृमी जास्त वेळ ओले ठेवण्याचे प्रयोग केले, त्यांची चाचणी इंडोनेशियातील कोबीच्या शेतांवरही झाली. हवाईत सूत्रकृमी आणि बीटी एकत्र वापरून पाहिले गेले. निष्कर्ष एकाच दिशेचा आहे : मिश्रणाने परिणाम सुधारतो, तरी पानावर सूत्रकृमी हा एकट्याने पुरेसा उपाय ठरत नाही. म्हणून ‘एकच फवारणी, कोबीवरील सर्व अळ्या साफ’ असा दावा कोणी करत असेल तर सावध व्हावे.

पानावरील अळीसाठी पर्याय काय?

बेंगळूरुच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने सुचवलेली मोहरीच्या सापळा पिकाची पद्धत आजही उपयोगी आहे. कोबीच्या दर २५ ओळींनंतर मोहरीच्या दोन ओळी घ्यायच्या. त्यातील एक कोबी लागवडीच्या १५ दिवस आधी पेरायची, दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी. पतंग अंडी घालायला कोबीपेक्षा मोहरी पसंत करतो, मावाही तिकडे ओढला जातो. मग औषध पूर्ण शेतावर न मारता प्रामुख्याने मोहरीवर मारता येते. पाच-दहा गुंठ्यांच्या तुकड्यात २५ ओळी भरत नसतील तर कडेने मोहरीचा पट्टा ठेवता येतो.

त्यासोबत ५ टक्के निंबोळी अर्क, अळी लहान असतानाच बीटीची फवारणी, स्पोडोप्टेराच्या अंडीपुंजांची पाने तोडून नष्ट करणे आणि कामगंध सापळे ही साखळी पूर्ण होते. रासायनिक औषध वापरावेच लागले तर दर वेळी त्याचा गट बदलावा. नुसते कंपनीचे नाव बदलून उपयोग नाही. सूत्रकृमी या साखळीतील मातीकडची कडी सांभाळतात.

खर्डीच्या मातीत आणि हवेत हे कृमी तग धरतील?

अनुकूल गोष्ट म्हणजे भाजीपाल्याची वेळ. कोबीची लागवड साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते. तेव्हा मातीत ओल असते आणि तापमानही सूत्रकृमींना मानवणाऱ्या २० ते ३० अंशांच्या आसपास असते. रोपे कुरतडणाऱ्या अळीचा त्रासही लागवडीनंतरच्या दिवसांतच जास्त. म्हणजे गरज आणि अनुकूल काळ एकत्र येतात. फेब्रुवारीनंतर वरची माती तापू लागते, तेव्हा हाच उपाय बराच दुबळा पडतो.

प्रतिकूल गोष्टी दोन. पहिली माती. सूत्रकृमी मातीच्या कणांमधील ओल्या पोकळ्यांतून फिरतात. भुसभुशीत, रेताड जमिनीत ते सहज सरकतात. भातासाठी वर्षानुवर्षे चिखलणी केलेले खाचर मात्र घट्ट आणि चिकण असते. तिथे गादीवाफे करून, चांगले कुजलेले शेणखत मिसळून माती मोकळी केली तरच त्यांचा निभाव लागतो.

दुसरी अडचण पाण्याची. भातसा आणि तानसा ही धरणे याच तालुक्यात आहेत आणि त्यांचे पाणी मुंबईला जाते, तरी इथल्या अनेक गाव-पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. सूत्रकृमी सोडण्याआधी माती भिजवावी लागते आणि त्यानंतर आठवडाभर तरी ती ओलसर ठेवावी लागते. ज्याची विहीर जानेवारीतच तळ गाठते, त्याने लागवडीच्या वेळीच हा उपाय करून घ्यावा. भाताच्या पेंढ्याचे आच्छादन इथे दुहेरी कामाला येते : ओल टिकते आणि कृमींना सावली मिळते.

किती लागतात आणि कसे सोडायचे?

जगभर प्रमाण मानला जाणारा आकडा आहे हेक्टरी २५० कोटी जिवंत कृमी, म्हणजे जमिनीच्या दर चौरस सेंटिमीटरला २५. एकराचा हिशोब साधारण १०० कोटींचा आणि एका गुंठ्याचा अडीच कोटींचा. दहा गुंठ्यांच्या कोबीला पूर्ण शेतावर वापरायचे तर २५ कोटी लागतील. पण दोन ओळींमधील मोकळी जागा सोडून फक्त रोपाभोवती आळवणी केली तर कृमींची गरज आणि खर्च दोन्ही कमी होतात. लहान शेतकऱ्यासाठी हीच रीत परवडणारी आहे. खुरपणी आणि बाकी मशागत आधी उरकून घ्यावी.

सोडण्याची वेळ संध्याकाळची, ऊन कलल्यावर. आधी वाफे भिजवावेत. भुकटी थोड्या पाण्यात कालवून मग पूर्ण पाण्यात मिसळावी. पंपाने सोडायचे असेल तर नोझलमधील बारीक जाळी काढून टाकावी, नाहीतर कृमी तिथेच अडकतात. कृमी जड असल्याने तळाशी बसतात, म्हणून द्रावण सतत ढवळावे. तयार द्रावण रात्रभर ठेवू नये, प्राणवायू कमी पडून ते मरतात. ज्या पंपात आदल्या दिवशी कीटकनाशक होते, तो नीट धुतल्याशिवाय वापरू नये. शेवटी पुन्हा हलके पाणी द्यावे, म्हणजे पानावर किंवा मातीच्या वर राहिलेले कृमी खाली उतरतात.

विकत घेतलेले पाकीट जिवंत आहे, हे कसे ओळखायचे?

हा प्रश्न सर्वात महत्त्वाचा, कारण इथे औषध नव्हे तर जिवंत प्राणी विकत घेतला जातो. कडक उन्हात उभ्या असलेल्या टेम्पोत पडून राहिलेले पाकीट बाहेरून अगदी नवे दिसते, आत मात्र सगळे मेलेले असू शकते. म्हणून पाकिटावर चार गोष्टी पाहाव्यात : प्रजातीचे नाव, तयार केल्याची तारीख व मुदत, दर ग्रॅममागे जिवंत कृमींची संख्या आणि साठवणीचे तापमान. नुसते ‘जैविक अळीनाशक’ एवढेच लिहिलेले असेल तर ते पाकीट परत करावे.

घरी तपासणीही अवघड नाही. चिमूटभर भुकटी स्वच्छ, साध्या तापमानाच्या पाण्यात टाकून अर्ध्या तासाने भिंगातून पाहावे. जिवंत कृमी वळवळतात किंवा वाकलेले दिसतात. मेलेले सुईसारखे सरळ पडून राहतात. त्याहून खात्रीची परीक्षा अळीवर. प्लास्टिकच्या डबीत ओलसर माती घेऊन त्यात थोडी भुकटी मिसळावी आणि शेतातील चार-पाच मोठ्या अळ्या सोडाव्यात. दुसऱ्या डबीत तेवढ्याच अळ्या नुसत्या ओल्या मातीत ठेवाव्यात. दोन्ही डब्या सावलीत राहू द्याव्यात. चार दिवसांत पहिल्या डबीतील अळ्या विटकरी किंवा तपकिरी होऊन मेल्या आणि दुसऱ्या डबीतील जिवंत राहिल्या, तर माल चांगला. दोन्हीकडे सारखेच चित्र असेल तर तक्रार करायला हातात पुरावा आहे.

माणसाला, गुरांना, गांडुळांना धोका?

हे सूत्रकृमी कीटकांवर जगतात. माणूस, गुरेढोरे, पीक आणि गांडुळे यांना त्यांच्यापासून अपाय होत नाही. त्यांचा वापर केल्यावर भाजी तोडण्यासाठी ठरावीक दिवस थांबावे लागत नाही. तरीही कोणतीही भुकटी हाताळताना तोंडाला रुमाल बांधणे आणि काम झाल्यावर हात धुणे बरे. दुसऱ्या बाजूने पाहता, मातीत टाकायची काही दाणेदार कीटकनाशके आणि सूत्रकृमीनाशके यांनाही मारतात. एकाच आठवड्यात दोन्ही टाकणे म्हणजे स्वतःच्याच पैशांवर पाणी सोडणे.

पुढचा मार्ग काय?

बाहेरून आणलेल्या कृमींपेक्षा स्थानिक माती-हवेत मुरलेले कृमी जास्त टिकतात. ते शोधण्याची पद्धत १९७५ मध्ये बेडिंग आणि अकहर्स्ट या ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी मांडली आणि ती अजूनही जगभर वापरली जाते. शेतातील किंवा जंगलातील माती डबीत घ्यायची, त्यात मेणपतंगाच्या अळ्या ठेवायच्या आणि कोणती अळी लाल किंवा तपकिरी होऊन मरते ते पाहायचे. मेणपतंग म्हणजे मधाच्या पोळ्याला लागणारी कीड. याच अळ्यांवर सूत्रकृमी वाढवताही येतात. तानसा अभयारण्याच्या कडेची आणि शहापूर-मुरबाडच्या बांधांवरची माती अशा तपासणीसाठी हाताशी आहे. कोकणासाठी दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आहे. विद्यापीठ, कृषी विभाग आणि शेतकरी गट एकत्र आले तर हा शोध गावपातळीवरही होऊ शकतो.

तोपर्यंत खर्डीच्या शेतकऱ्याने सर्व कोबीवर एकदम खर्च करण्याचे कारण नाही. आधी कापलेल्या रोपाजवळची माती उकरून अळी कोणती ते पाहावे. ती मातीतील असेल तर दोन वाफ्यांवर सूत्रकृमी सोडावेत, शेजारचे दोन वाफे तसेच ठेवावेत आणि दोन आठवडे रोज सकाळी कापलेली रोपे मोजून वहीत लिहावीत. अळी पानावर लोंबकळणारी असेल तर तो पैसा सूत्रकृमीऐवजी मोहरीच्या बियाण्यावर खर्च करणे शहाणपणाचे.